अर्धी तुझी, अर्धी माझी

कडकमावशीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर तिने कधी लावला नाही. डोळा उघडला की पाय जमिनीवर, मध्ये लोळायला जागा नाही. स्टोव्ह पेटवायचा, दोन डबे भरायचे, एक आपला आणि एक नवऱ्याचा. केस ओढून घट्ट बांधायचे आणि अंधारातच रस्त्याला लागायचं. वाटेत एक बट सुटलेली हाताला लागली तर ती तिथेच थांबून पुन्हा बांधायची. रोलरपुढे उभं राहणाऱ्या बाईला सुटी बट परवडत नाही.

रस्त्याच्या टोकाला धुलाईघर होतं. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे यायचे. मागच्या दाराने मळका ढीग आत, पुढच्या दाराने कोरी घडी बाहेर. मधलं सगळं बायकांच्या अंगावर. आत शिरलं की वाफेने डोळे मिटायचे, आणि उघडले की समोर भल्यामोठ्या इस्त्रीचे रोलर फिरताना दिसायचे. ओली चादर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने ती तव्यासारखी तापून यायची. ती दोघींनी धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची आणि परत आपल्या टोकाला जायचं. दिवसभर हेच. नाच म्हणा हवं तर, पण असा नाच की संध्याकाळी खांदे आपले आहेत की उसने आणलेत ते कळू नये.

चादर मनगटाने ओढायची नसते, खांद्याने ओढायची असते. हे नव्या बायकांना सांगून कळत नसे. मनगट सुजलं की कळे.

तिला कडक हे नाव तिथेच पडलं. घडी वाकडी दिसली की ती पूर्ण चवड उलगडायला लावायची. "रोगी माणसाच्या अंगाखाली जायचीय ही. सुरकुती टोचते त्याला," असं म्हणायची. नव्या बायका मागे तोंडं वाकडी करत. पण तिच्या टेबलावरची चवड गाडीवाला न तपासता उचलायचा, हेही खरं.

तिची जोडीदारीण होती बगळी. उंच, बारीक, लांब मानेची. कडकमावशी तिच्या खांद्यालाही लागत नसे. दोघींनी चादर धरली की ती एका बाजूला उताराला लागायची. शेवटी कडकमावशीला उभं राहायला लाकडी खोका मिळाला, आणि बगळीने थोडं वाकायची सवय केली. मुकादम येता-जाता म्हणायचा, "उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. इथे उंट नि शेळी एकाच चादरीला जुंपलेत."

"शेळी दूध तरी देते, मुकादम," बगळी म्हणायची. "मुकादम काय देतो?"

रोलरच्या आवाजातसुद्धा ते हसू शेवटच्या टेबलापर्यंत जायचं.

धुलाईघरात जोडी एकदा लागली की बदलत नसे. आणि जोडीचा एक नियम होता. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण मोडलेला कुणी पाहिला नाही. एकीला जे मिळेल त्यातलं अर्धं दुसरीचं. डब्यातला घास अर्धा. चहाचा कप अर्धा. भाजल्यावर लावायचं मलम एकीने आणलं की ती नळी संपेपर्यंत दोघींची. डोकेदुखीची गोळी दाताने तोडायची, एक तुकडा जिभेवर, दुसरा समोरच्या तळहातावर. "मला नको" म्हणणं म्हणजे अपमान. "तुला कशाला?" असं विचारणं म्हणजे त्याहून मोठा. उन्हाळ्यात बॉयलर तापून छप्पर खाली आल्यासारखं व्हायचं, तेव्हा हा नियम नसता तर निम्म्या बायका काम सोडून गेल्या असत्या. त्याने माणसं टिकवली, ह्यात वाद नाही.

पुढे धुलाईघर बंद पडलं. इस्पितळांनी आपापली यंत्रं घेतली. बायका पांगल्या. कडकमावशी आणि बगळी मात्र एकाच वस्तीत राहिल्या. कडकमावशी तळमजल्यावरच्या एका खोलीत, बगळी दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर, सुनेसोबत. बगळीचा मुलगा परगावी नोकरीला होता, महिन्याकाठी यायचा. सून एका शिवणकामाच्या कारखान्यात जायची. कडकमावशीला मूल नव्हतं. नवरा होता, बस डेपोतला मेकॅनिक, शिट्टी वाजवत घरात शिरणारा. तोही एका हिवाळ्यात गेला. सकाळी चहा मागितला आणि चहा होईपर्यंत थांबला नाही.

तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

चारला जाग येतच होती. धुलाईघर बंद झाल्याचं शरीराला कुणी कळवलं नव्हतं. पण आधी जाग आली की काम असायचं, नंतर निदान कुशीला माणूस असायचा. आता जाग यायची आणि छातीत काहीतरी धडधडायला लागायचं. घाम फुटायचा. कुठेतरी पोहोचायचंय, उशीर झालाय, आणि कुठे ते आठवत नाहीये, असं वाटायचं. ती भिंतीला पाठ लावून उजाडेपर्यंत बसून राहायची. जिने उभ्या जन्मात कुणाला "मला भीती वाटते" म्हटलं नव्हतं, ती दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना तेच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली, आणि एक छोटी गोळी लिहून दिली. "रात्री झोपताना एक. थोड्याच दिवसांसाठी आहे. संपली की मला भेटायला या, मग पुढचं ठरवू."

गोळीने काम केलं. पहिल्याच रात्री ती सहा वाजेपर्यंत झोपली. उठली तेव्हा उन्हाची तिरीप जमिनीवर आली होती. ती बघून तिला आधी चोरी केल्यासारखं वाटलं आणि मग फार बरं वाटलं.

गोळ्या संपल्या. भेटायला कोण जातं? दवाखान्यात रांग, आणि तब्येत तर बरी आहे. औषधाच्या दुकानातला म्हातारा ओळखीचा. त्याने जुन्या चिठ्ठीवर गोळ्यांची पट्टी दिली. पुढच्या वेळी चिठ्ठीही मागितली नाही. कोपऱ्यावरून साबण आणावा तशी ती पट्टी आणू लागली.

एका दुपारी बगळी आली. डोळ्यांखाली काळं.

"काय गं, भूत पाहिलंस?" कडकमावशीने विचारलं.

"भूत परवडलं. ते निदान झोपू देतं," बगळी म्हणाली. "पोराची नोकरी जाईल म्हणतात. रात्रभर छातीत पाखरू फडफडतं."

कडकमावशीने फळीवरची पट्टी काढली, गोळी चाकूने मधोमध कापली आणि अर्धी पुढे केली. बगळीने विचारलं नाही कसली, हिने सांगितलं नाही. जन्मभराची रीत ती. काही दिवसांनी अर्धीने भागेना, तेव्हा एकेक झाली. एक तुझी, एक माझी. पट्टी मात्र एकीच्याच नावावर.

पोराची नोकरी राहिली. गोळीही राहिली.

आता पुढचं दीडेक वर्ष पटकन सांगून टाकतो, कारण ते तसंच गेलं, धुक्यातून गेल्यासारखं. बगळी आधी शब्द विसरू लागली. "ते हे, ते आपलं," म्हणत हात हवेत फिरवायची. मग सकाळी बोलताना जीभ जड. दूध शेगडीवर ठेवून बाई गॅलरीत. एकदा खाली भाजी आणायला उतरली आणि रस्त्यावर उभी राहिली, आपण कशाला आलो ते आठवेना. चालताना भिंतीला हात. जिची चाल अशी होती की ओल्या फरशीवरून चादरींची टोपली डोक्यावर घेऊन जाताना थेंब सांडत नसे, ती उंबऱ्याला अडखळू लागली.

कडकमावशीचंही फार वेगळं नव्हतं. दाराची चौकट खांद्याला लागायची, नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागायचा. पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ कुणाला दिसतं? ती म्हणायची, "वय झालं." सगळेच म्हणायचे. वयाच्या नावावर काहीही खपतं.

मग बगळी जिन्यात पडली. वरच्या वळणावरून खाली. हाड मोडलं नाही, पण कपाळ फुटलं आणि अर्धा चेहरा जांभळा झाला.

कडकमावशी बघायला गेली तेव्हा सून दारातच होती. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आलेली, बोटाला अजून सुईचं टोपण.

"मावशी, बरं झालं आलात. तुम्हाला सांगायचंच होतं. आईंना आम्ही ठेवतोय."

"कुठे ठेवतेस? माणूस आहे का लोणचं?"

"गावाबाहेर संस्था आहे. विसरणाऱ्या माणसांसाठी. दाराला कुलूप असतं, चोवीस तास बाया असतात. पुढच्या महिन्यात जागा होतेय."

"कुलूप?" कडकमावशीचा आवाज चढला. "तुझी सासू आहे ती. तिने तुझी दुखणी काढली."

"काढली. मी नाही कुठे म्हणते?" सुनेचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. "मी कामावर जाते तेव्हा शेगडी कोण बघणार? जिन्यात कोण उभं राहणार? तुम्ही? तुम्हीच काल माझ्या दारात धडकलात. मला हौस नाहीये, मावशी. मला रोज मशीनवर बसल्यावर वाटतं, घरी जाईन तेव्हा ह्या जिवंत असतील ना."

आत बगळी पलंगावर बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "कोण चाललंय?" तिने विचारलं. "कुठे चाललंय?"

खाली उतरताना कडकमावशीने भिंत धरली. तिला सुनेचा राग आला होता. राग आला की विचार करावा लागत नाही, ही एक सोय असते.

पट्टी संपली होती. ती तशीच औषधाच्या दुकानात गेली. म्हातारा आता घरी बसला होता आणि दुकान त्याची मुलगी सांभाळत होती. तिने रिकामी पट्टी उलटसुलट केली.

"चिठ्ठी?"

"तुझे वडील चिठ्ठी मागत नाहीत."

"वडील आता दुकानातही येत नाहीत, मावशी. हे औषध चिठ्ठीशिवाय मी देत नाही. आणि एक विचारू? रागावू नका. वडिलांच्या वहीत तुमच्या नावापुढे रोज एक लिहिलीय ना? तुम्ही नेता ते दोन माणसांना पुरेल."

दुकानात आणखी दोघं उभे होते. ती बाहेर आली, पायरीवर बसली. दोन माणसांना पुरेल. जन्मभर ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता, ती गोष्ट ह्या पोरीच्या तोंडून चोरीसारखी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या रांगेत बसली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. "ही मी थोड्या दिवसांसाठी दिली होती. तुम्ही अजून घेताय?"

"त्याने बरं वाटतं."

"वाटणारच. म्हणून तर ती सोडवत नाही." त्यांनी तिला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. उठताना तिचा तोल गेला. फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. ती रेघ सोडून बाजूला गेली. डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला.

"मावशी, तरुण माणसाच्या अंगातून ही गोळी लवकर निघून जाते. आपल्या वयात ती रेंगाळते. कालची पुरती गेलेली नसते तोवर आजची येते. मग पाय अडखळतात, शब्द सापडत नाहीत, माणूस पडतो. घरचे म्हणतात वय झालं. कधी कधी वय नसतं, गोळी असते."

कडकमावशीने पदरी काहीच नसल्यासारखे हात मांडीवर ठेवले. "एक ओळखीची बाई आहे," ती म्हणाली. "तीही घेते."

"तिला कुणी लिहून दिली?"

"असंच. कुणीतरी दिली."

"आणखी काय घेते ती?"

"काही नाही. सर्दीचं पातळ औषध तेवढं. तिला बारमाही सर्दी. धुलाईघरातली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या सर्दीच्या औषधानेही झोप येते. दोन्ही एकत्र म्हणजे दुप्पट गुंगी. ती पडलीय का?"

"जिन्यात," कडकमावशी म्हणाली.

"तिला घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचं विसरणं कशामुळे आहे ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. वयामुळेही असेल थोडं. पण हे आधी बाजूला काढायला हवं. आणि नीट ऐका. आजपासून एकदम बंद, असं दोघींनीही करायचं नाही."

कडकमावशी नेमकं तेच करणार होती. चादरीवर एक डाग दिसला की पूर्ण ढीग परत पाठवायचा, ही तिची शिस्त. "विष आहे कळल्यावर कशाला ठेवायचं घरात?"

"विष नाहीये ते, औषध आहे. पण शरीराला त्याची सवय झालीय. एकदम काढलं तर हात थरथरतील, झोप पार उडेल, झटकेसुद्धा येऊ शकतात. हळूहळू कमी करायची. मी सांगेन तशी, माझ्याकडे येत राहून. घाई नाही आणि कंटाळा नाही."

"आणि चारची जाग? ती धडधड?"

"चारला किती वर्षं उठलात?"

"लग्नाआधीपासून."

"मग चारला जाग येणं हा आजार कसला? पडून राहू नका, उठा. दिवा लावा, चहा करा, हाताला काहीतरी काम द्या. धडधडलं तर श्वास सावकाश सोडा, आणि दिवसा माझ्याकडे बोलायला या. दुपारी झोपायचं नाही. नवरा गेलाय तुमचा. त्याचं दुःखही कधीतरी करावं लागतं, मावशी. गोळी ते पुढे ढकलते."

त्या संध्याकाळी तिसरा मजला चढायला कडकमावशीला फार वेळ लागला. पाय जड होते, पण ते कारण नव्हतं.

सून स्वयंपाक करत होती. बगळी पलंगावर, कपाळावर पट्टी. कडकमावशी बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. गोळी कसली, कुणी दिली, किती दिवस, आणि सर्दीच्या औषधाचं. गाळलं काही नाही.

सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला.

"म्हणजे दीड वर्ष," ती म्हणाली. "दीड वर्ष मी रात्र रात्र जागले. डॉक्टर विचारायचे काय औषधं चालू आहेत, मी सांगायचे, काही नाही, सर्दीचं तेवढं. आणि तुम्ही ह्याच पलंगावर बसून, माझा चहा पिऊन..."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"विचारलं होतंत का कुणाला?"

"नाही."

"आई, तुम्ही तरी! काय गिळतोय हे विचारावंसं वाटलं नाही?"

बगळी लांब मान वळवून म्हणाली, "कडकी देते ते विचारून कोण घेतं?"

हे तिने अगदी सहज म्हटलं. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

"उद्या दवाखान्यात मी नेते ह्यांना," सून म्हणाली. "तुम्ही येऊ नका, मावशी. इथेही नका येऊ. निदान आत्ता तरी."

"संस्थेचं?"

"जागा महिनाभर धरून ठेवतील म्हणाले. तोवर बघू. पुढचं मला माहीत नाही."

कडकमावशी खाली आली. न्यायाचं बोलायचं तर सुनेचं काही चुकलं नव्हतं.

मग सुरू झालं ते काम. हो, कामच. डॉक्टरीणबाई ठरलेल्या दिवशी बोलवायच्या, थोडी कमी करायच्या, पुन्हा बोलवायच्या. एकदा झोप फार उडाली तेव्हा त्यांनी कमी करणं थांबवलं, "आता इथेच थोडे दिवस राहू," म्हणाल्या. कडकमावशीला ते हरल्यासारखं वाटलं. पण जड टोपली उचलताना मध्ये टेकवली तर ती टोपली खाली टाकली असं होत नाही, हे तिचं तिलाच पटलं. काही दिवस हात थरथरले. कप बशीवर वाजायचा. तिने कप दोन्ही हातांनी धरला, पण जास्तीची गोळी घेतली नाही आणि ठरलेली चुकवली नाही.

चारला जाग यायची. ती उठायची. दिवा लावायची. आणि धुकं जसजसं पातळ झालं तसतसं जुनं सगळं परत येऊ लागलं. धुलाईघराच्या वाफेचा वास. निळीच्या पाण्यात बुडालेले हात. पगाराच्या दिवशी बायका रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या ते. बगळीला रोलरने बोट चिमटलं तेव्हा हिने यंत्र थांबवायला धाव घेतली होती आणि खोक्यावरून पडली होती ते. मुकादम रिटायर झाला त्या दिवशी कोपऱ्यात तोंड करून रडला होता, आणि कुणी त्याची थट्टा केली नाही ते. एका पहाटे नवऱ्याची शिट्टी आठवली, सुरासकट. ती स्टोव्हपाशी बसून रडली. चांगली पोटभर. तो गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. चहा उतू गेला, तो पुसला, दुसरा केला.

बगळीची खबर तिला औषधाच्या दुकानातून मिळायची. "त्यांची सून गोळ्या पर्समध्ये ठेवते, रात्री स्वतः देते," दुकानवाली सांगायची. "ते सर्दीचं पातळ बंद केलंय डॉक्टरांनी." मग एकदा म्हणाली, "काल स्वतः आल्या होत्या सुनेबरोबर. मला म्हणाल्या, तुझ्या वडिलांना सांग, माझे चिल्लर पैसे द्यायचे राहिलेत त्यांच्याकडून. खरंच राहिले होते म्हणे, वडिलांना विचारलं तर!"

कडकमावशी दुकानाच्या बाहेर येऊन हसली. एकटीच. रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिलं.

महिना संपत आला. संस्थेचं काय झालं ते कुणी सांगेना, आणि विचारायला तोंड नव्हतं.

एका रविवारी दारावर थाप पडली. सून उभी होती.

"आई विचारतायत, कडकी मेली की काय?"

"सांग, अजून वेळ आहे."

"तुम्हीच सांगा येऊन." सून आत आली, कडकमावशीच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात पुष्कळ फरक आहे. थोडं विसरणं राहील, ते वयाचं. पण माझ्याशी भांडतात आता, पूर्वीसारख्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. दीड वर्ष मिठाबद्दल अक्षर बोलल्या नव्हत्या."

"मग ती संस्था?"

"तिथेच घोडं अडलंय. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय." सुनेने बोटांकडे पाहिलं. "शेगडीचं जमेल, शेजारीण बघते म्हणाली. पण जिना, मावशी. नुसत्या भिंती, धरायला काही नाही. ह्या खाली उतरल्याशिवाय राहणार नाहीत. कोंडून ठेवायचं तर मग संस्था काय वाईट? घरमालकाला विचारलं, तो म्हणतो लावा तुम्हाला लावायचा तर कठडा, मी अडवत नाही, पण पैसे मागू नका. आणि आमची ओढाताण तुम्हाला माहितीय."

कडकमावशी उठली. "वेल्डर ओळखीचा आहे का तुझ्या?"

"मावशी, मी पैशासाठी नाही आले."

"तू कशासाठी आलीस ते मी विचारलं नाही. वेल्डर विचारला."

"कारखान्याजवळ आहे एक. पण बँकेतले ते पैसे तुमच्या म्हातारपणाचे."

"मग आणखी कुठलं म्हातारपण यायचंय माझं?" कडकमावशी म्हणाली. "संस्थेला नाही कळव. उद्या नको, आजच."

वेल्डर तरणा, बोलका, घाईचा. पाइप आणले, माप घेतलं, भिंतीत छिद्रं पाडली. कडकमावशी पहिल्या दिवसापासून जिन्यात उभी. प्रत्येक जोड झाला की ती तळहात फिरवायची.

"इथे खरखरतंय."

"रंग बसला की जाईल, मावशी."

"रंगाखाली खरखर जात नाही, लपते. घास."

तो घासायचा. ती पुन्हा हात फिरवायची. वळणावर पाइप तुटक ठेवून पुढे नवा सुरू करायचा त्याचा बेत होता. तिने तो हाणून पाडला. "पडते ती वळणावरच. तिथे हात सुटता कामा नये." त्याने पाइप वाकवून आणला. पहिला वाकडा झाला, दुसरा आणला.

"तुम्ही मुकादम होतात काय कुठे?" त्याने वैतागून विचारलं.

वरून आवाज आला, "मुकादम तिच्यापुढे चळचळा कापायचा, बाबा. गप घास."

बगळी दारात उभी होती. कपाळावरची खूण फिकट झाली होती. मान तशीच लांब. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"रंग ओला आहे," कडकमावशी म्हणाली. "उद्या उतर."

दुसऱ्या दिवशी बगळी उतरली. एकेक पायरी, सावकाश, कुणाचा हात न धरता. खाली येऊन तिने श्वास घेतला, इकडे तिकडे पाहिलं, आणि ती कोपऱ्यावरून स्वतःच्या पैशांची कोथिंबीर घेऊन वर गेली.

धुलाईघर बंद झालं तेव्हा हिशोब चुकता करून कडकमावशीला एक रक्कम मिळाली होती. वाफेत काढलेल्या सगळ्या वर्षांची तेवढीच शिल्लक. ती बँकेत पडून होती. नवऱ्याच्या दुखण्यात काढावी लागली नाही, कारण त्याने तेवढा वेळच दिला नाही. भिंतीला ओल आली तेव्हाही तिने त्या पैशांना हात लावला नव्हता. ती रक्कम ह्या कठड्यात गेली. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, दोन्ही वळणांवर सलग, उतरताना उजव्या हाताला.